ठिपक्यावरचं स्टेशन

"चाला, चाला! थांबू नका, वाजवत चाला," हिंदुराव ओरडले.

रेवणप्पा गळ्यात गिटार अडकवून बँडच्या खोलीमागच्या मोकळ्या जागेत चालत होता. गिटारची वायर आज फक्त कमरेपर्यंत होती. तिथं पट्ट्याला एक लहानशी जपानी डबी लावली होती आणि डबीतून उंदराच्या शेपटीसारखी तार लोंबत होती. वीस पावलांवर हातगाडी उभी होती. गाडीवर मोटारीची बॅटरी, अँप्लिफायर, दोन कर्णे आणि त्या डबीची जोडीदार दुसरी डबी. मधे काहीच नव्हतं. तरी कर्ण्यातून गिटार वाजत होती.

"बघा," हिंदुराव म्हणाले. बँड त्यांचा होता. "मुंबईस्न मागिवलंय. आता वायर न्हाय, काय न्हाय. कुटं बी फिरा."

रेडिओ दुरुस्त करणारा सिद्धनाथ गाडीच्या दांड्यावर बसून बघत होता. तो म्हणाला, "हिंदुराव, वरातीत एवढी मोकळी जागा असते व्हय? सगळ्यांनी मधे उभं राहा की."

बँडमधली दहा-बारा माणसं गाडी आणि रेवणप्पाच्या मधे जाऊन उभी राहिली. आवाज फाटला. "आता नाचा," सिद्धनाथ म्हणाला. क्लॅरिनेट वाजवणारा रावजी दोन्ही हात वर करून नाचायला लागला, त्याच्या मागे बाकीचे. कर्ण्यातून फुर्र फुर्र झालं आणि सगळं बंद पडलं. रेवणप्पाची बोटं तारांवर चालूच होती.

"माणसाच्या अंगानं अडतोय हा आवाज," सिद्धनाथ म्हणाला.

"जपानात लोक नाचत नसतील," रावजी म्हणाला. "न्हायतर नवरदेवच नेत नसतील वरातीला."

सगळे हसले. हिंदुराव हसले नाहीत. त्यांनी डबी कागदात गुंडाळली आणि खिशात टाकली.

ही सगळी खटपट कार्तिकातल्या एका वरातीपासून सुरू झाली होती. गिटारची तीस फूट वायर गाडीपर्यंत जायची. साखर पेठेत नाचणाऱ्या एका पोराच्या पायात ती अडकली, आणि रेवणप्पा लाल गणवेशासकट रस्त्यावर पडला. गिटारची मान मोडली ती सुताराकडून जोडून घेतली. गुडघा मात्र जोडून मिळाला नाही. बसून उठताना तो अजून कुरकुरायचा.

"हे बगा रेवणप्पा," हिंदुराव आज परत म्हणाले, "मी तुमाला काडतोय असं समजू नका. पर वैरागचा बँजोवाला तयार हाय. त्यो गाडीवर बसून वाजिवतो. पडायचं भ्या न्हाय, वायरीचं लचांड न्हाय. बिनवायरीचं जमलं तर गिटार, न्हाय जमलं तर बँजो. आन तुमी बी आता थकलाव की."

रेवणप्पा गळ्यातली गिटार उतरवायला लागला. थकलाव, हे खरं होतं. दिवसा गिरणीत पहिली पाळी, संध्याकाळी बँड, असं तो बावीस वर्षं करत आला होता. पण हा थकवा त्यातला नव्हता. हा श्रावणापासूनचा होता. श्रावणात महादेवी गेली. तापानं सहा दिवसांत गेली. तेव्हापासून त्याला गिटार उचलली की जड वाटायची. खाली ठेवली तरी हलकं वाटायचं नाही.

"मी करून देतो," सिद्धनाथ म्हणाला. "तंबाखूच्या डबीत बसंल एवढं. समजा, आपलं स्वतःचं एक बारकं रेडिओ स्टेशन. डबी रेवणप्पाकाकांच्या कमरेला, आणि गाडीवर साधा रेडिओ. रेडिओचा काटा आपल्या डबीवर लावायचा की झालं. ह्या लाटा माणसांनी अडत नाहीत."

"मग घोडं कुटं अडलंय?"

"अडलं नाही. पण काट्याला रिकामी जागा पाहिजे. जिथं दुसरं कुठलंच स्टेशन नाही. परत लायसन नाही आपल्याकडं, कुणाच्या स्टेशनावर चढून बसलो तर पोलीस वरातीलाच येतील." त्यानं सगळ्यांकडं बघितलं. "घरी रेडिओ ऐकता की रे तुम्ही. कुणाला ठाऊक आहे अशी जागा?"

रावजीनं मान हलवली. बाकीच्यांनी हलवली. रेवणप्पानंही हलवली.

त्याला ठाऊक होती.

भवानी पेठेत गल्लीच्या आत एका खोलीचं त्याचं घर होतं. भिंतीवरच्या फळीवर जुना, लाकडी पेटीचा रेडिओ होता. फळीखाली दोन पाट. एकावर महादेवी बसायची आणि मांडीवर सूप घेऊन बिड्या करायची. तिला वाचता येत नव्हतं. रेडिओवर स्टेशनांची नावं इंग्रजीत, ती तर रेवणप्पालाही धड येत नव्हती. संध्याकाळी साडेसहाला कानडी संतांची वचनं लागायची, चालीवर गायलेली, ती तिला फार आवडायची. ती दुधनीकडची, घरात दोघं कानडीच बोलायचे. एकदा त्यानं स्टेशन लावून दिलं, तेव्हा तिनं कुंकवाच्या करंड्यातलं मेण बोटाला घेतलं, काचेवर काटा होता त्या जागी टेकवलं आणि वर कुंकू लावलं. "आता तुम्ही नसला तरी मला सापडतंय," ती म्हणाली. तेव्हापासून तो ठिपका तिथंच होता. दर दिवाळीला काच पुसताना ती ठिपक्याच्या कडेकडेनं पुसायची.

ती गेल्यावरही तो साडेसहाला रेडिओ लावत राहिला. मग नोव्हेंबरात एके दिवशी ठिपक्यावर वचनं लागली नाहीत. नुसती खरखर. दुसऱ्या दिवशीही तेच. तो रेडिओ डोक्यावर घेऊन सिद्धनाथच्या दुकानात गेला. सिद्धनाथ म्हणाला, "काका, पेटीला काय झालेलं नाही. सरकारनं सगळ्या स्टेशनांच्या जागा बदलल्यात. पेपरात आलं होतं. तुमचं स्टेशन बोटभर उजवीकडं सरकलंय. काटा तेवढा सरकवा, लागंल."

रेवणप्पानं रेडिओ घरी आणला. काटा सरकवला नाही. त्याला ते जमलं नाही, एवढंच. रोज संध्याकाळी तो रेडिओ लावायचा, आतला दिवा पिवळा व्हायचा, पेटी तापायची, आणि ठिपक्यावर खरखर सुरू व्हायची. तो आपल्या पाटावर बसून ती ऐकायचा. आठ वाजले की बंद करायचा. शेजारच्या राजाबाईनं दोनदा विचारलं, "भाऊ, रेडिओ बिघडलाय व्हय?" तो म्हणाला, "व्हय." मग तिनं विचारायचं सोडलं.

तर ती जागा रिकामी होती. साडेसहापासून आठपर्यंत, तीन महिने, एक दिवसही तिथं कुणी बोललं नव्हतं. हे सगळ्या सोलापुरात त्या एकट्याला ठाऊक होतं, आणि ते त्यानं सांगितलं नाही.

सिद्धनाथनं स्वतःच जागा शोधली. दुकानात भर दुपारी बाराला बसून त्यानं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, एक चांगली शांत जागा बघितली आणि डबी तिथं जुळवली. रेवणप्पाच्या गणवेशाच्या आत, पाठीवर, त्यानं एक बारीक तार टाके घालून बसवली. परीक्षा झाली. माणसं मधे उभी केली, नाचवली. आवाज अडला नाही. हिंदुरावांनी सिद्धनाथच्या पाठीत प्रेमानं असा दणका दिला की त्याच्या हातातला पेचकस पडला.

पहिली वरात बाळीवेशीतून निघाली. ऊन होतं तोवर सगळं झकास चाललं. दिवस मावळला, गॅसबत्त्या डोक्यावर चढल्या, नाचणारे रंगात आले, आणि गिटारच्या मागून कर्ण्यात कुणीतरी खाकरल्यासारखं झालं. मग एक माणूस स्पष्ट कानडीत बोलायला लागला.

रेवणप्पा वाजवत राहिला. तो जेवढं जोरात वाजवी, तेवढा तो माणूस मधल्या जागेत शिरून बोले. शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता. मेंढ्यांना जंतांचं औषध कधी पाजावं, किती पाजावं, पाजण्याआधी किती वेळ उपाशी ठेवावं, हे दोन कर्ण्यांमधून सगळ्या रस्त्याला ऐकू जात होतं. वऱ्हाड अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलणारं होतं. शब्द न् शब्द कळत होता.

"नवरदेवाला पाजा रे!" कुणीतरी ओरडलं.

"उपाशी ठेवलाय का आधी?"

रस्ताभर हसणं पसरलं. घोड्यावरचा नवरा मुंडावळ्यांच्या आड हसला का रडकुंडीला आला, कळलं नाही. मुलाचे मामा मात्र हिंदुरावांच्या अंगावर आले. "वरातीला बोलावलंय का मेंढरं राखायला?" हिंदुरावांनी धावत जाऊन रेडिओ बंद केला. उरलेली वरात रावजीच्या क्लॅरिनेटवर निघाली. रेवणप्पा मुकी गिटार गळ्यात घालून चालत राहिला. बोटं हलवत राहिला, कारण रांगेतला माणूस नुसता चाललेला बरा दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला जाताना तो सिद्धनाथच्या दुकानावरून गेला. हिंदुराव दुकानात उभे होते.

"मेंढरं!" ते म्हणत होते. "लोक आता मला बँडवाला म्हनत न्हाईत, धनगर म्हन्त्यात. तुला येत न्हवतं तर न्हाय म्हनायचं हुतंस की!"

सिद्धनाथ मान खाली घालून बसला होता. "दुपारी जागा रिकामी होती, हिंदुराव. दिवस मावळला की लांबलांबची स्टेशनं येतात. दिवसा ती येतच नाहीत. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

"आता ध्यानात यून काय उपेग? गुरवारच्या वरातीला वैरागवाला सांगतो मी."

रेवणप्पा बाहेर थांबून ऐकत होता. भोंगा वाजला, तसा तो पुढं निघाला. दिवसभर मागावर त्याचं लक्ष नव्हतं. बँजोवाला आला तर आपल्याला काही वाटणार नाही, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. उलट बरंच होईल, गुडघ्याला आराम. पण सिद्धनाथची खाली गेलेली मान त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. त्या पोरानं जागा विचारली होती, आणि आपण ठाऊक असून मान हलवली होती. महादेवीला असली गोष्ट चालली नसती. ती दोन दिवस बोलली नसती, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली असती, "एनरी, आपलं असलेलं लपवायचं, आणि माणूस तोंडावर पडू द्यायचा?" रागावली की तिचं 'एनरी', म्हणजे कानडीतलं 'अहो', लांबायचं. एरवी ती त्याच शब्दानं जेवायला हाक मारायची.

संध्याकाळी सहाला तो परत दुकानावर गेला. "सिद्धनाथ, डबी घे आणि घरी चल."

"कशाला काका? संपलं ते."

"चल की."

सिद्धनाथला त्यानं आपल्या पाटावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसला. दुसरा पाट रिकामा राहिला. रेडिओ तापायला अर्धं मिनिट लागलं. मग खरखर सुरू झाली.

"ऐक," रेवणप्पा म्हणाला.

सिद्धनाथनं ऐकलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेर अंधार पडला. "काहीच येत नाही हितं," तो हळू म्हणाला. मग एकदम, "काका, हे किती दिवस झाले ऐकलालाव तुम्ही?"

"नोव्हेंबरपासून."

"रोज?"

"रोज. आठपर्यंत."

"हेच?"

"हेच."

सिद्धनाथ उठला आणि काचेजवळ गेला. कुंकू काळपट पडलं होतं. त्यानं ठिपक्याला हात लावला नाही. वाकून बघत म्हणाला, "काकूंनी लावलेलं?"

"व्हय."

"मी थोडं बाजूला बघतो. अगदी काडीभर." त्यानं काटा जरा उजवीकडं नेला. वचनं लागली. तिचीच वचनं, तिच्याच वेळेला, बोटभर अंतरावर. रेवणप्पानं मान वळवली. सिद्धनाथनं घाईघाईनं काटा डावीकडं नेला, तिथं कुठलंतरी अनोळखी भाषेतलं गाणं. तो परत ठिपक्यावर आला. "बाजूला जागा नाही, काका. बसवली तर ठिपक्यावरच बसवावी लागंल. मग ही तुमची खरखर..." त्यानं काट्याच्या बटणावरचा हात काढला. "राहू द्या. बँजो तर बँजो. मी सांगतो हिंदुरावला, मला जमलं नाही म्हणून."

रेवणप्पा जमिनीवरची चटई नखानं टोकरत बसला होता.

"बसव," तो म्हणाला.

सिद्धनाथनं डबी उघडली आणि पेचकसानं आतला स्क्रू केसभर केसभर फिरवायला लागला. रेडिओतून एक शीळ आली, उंचावरून खाली खाली उतरली, आणि खरखर एकदम बंद झाली. रेवणप्पानं दचकून वर बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ठिपक्यावर काहीच नव्हतं. चुलीवरचं भांडंही ऐकू यावं इतकं घर गप्प झालं.

"जुळली," सिद्धनाथ म्हणाला. "गिटार लावा की. वाजवून बघू."

"नको."

"अहो, एक तार छेडा नुसती."

"घरात नको," रेवणप्पा म्हणाला. "उद्या वाजवीन."

घरात त्यानं मोठ्यानं कधी वाजवलीच नव्हती. गाडी, कर्णे, बॅटरी सगळं हिंदुरावांचं, ते बँडच्या खोलीत. घरी सराव करायचा तो नुसत्या तारांवर. विजेची गिटार विजेशिवाय वाजवली तर डासाएवढा आवाज येतो. महादेवीनं बावीस वर्षं तेवढाच ऐकला. बँडवाल्याची बायको वरात बघायला रस्त्यात उभी राहिली तर लोक काय म्हणतील, म्हणून ती कधी आली नाही. त्यानंही कधी ये म्हटलं नाही. बिड्या करता करता ती म्हणायची, "एवढ्या बारीक आवाजावर माणसं नाचतात तरी कशी?" तो म्हणायचा, "तिथं मोठा होतो." ती म्हणायची, "असंल." त्याच्यावर विश्वास ठेवल्यासारखं.

सिद्धनाथनं डबीवर नखानं टकटक केलं. रेडिओतून टकटक झालं. तेवढ्यावर दोघांनी समाधान मानलं.

हिंदुरावांची समजूत घालताना सिद्धनाथचं पाया पडायचंच बाकी राहिलं. "परत मेंढरं आली तर तुलाच वरातीत हाकीन," ते म्हणाले, आणि तयार झाले.

गुरुवारची वरात कन्ना चौकाकडून निघून भवानी पेठेतून जाणार होती, रेवणप्पाच्या गल्लीच्या तोंडावरून. निघायच्या आधी तो घरी गणवेश घालत होता. सहा वाजून गेले होते. सवयीनं त्यानं रेडिओ लावला. दिवा पिवळा झाला, खरखर आली. टोपी घातली, गिटार उचलली. जाताना बंद करावा म्हणून बटणाला हात लावला. थोडा वेळ हात तसाच राहिला. मग त्यानं तो काढून घेतला आणि बाहेरून कुलूप लावलं.

दिवस मावळला. हिंदुराव कर्ण्याकडं कान लावून चालत होते. सिद्धनाथ गाडीचा दांडा धरून नुसता घाम पुसत होता. गॅसबत्त्या आल्या. कर्ण्यातून गिटार येत राहिली. फक्त गिटार. स्वच्छ, मोठी, दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून परत येणारी. रावजीनं क्लॅरिनेट तोंडातून काढून सिद्धनाथला डोळा मारला.

रेवणप्पा मात्र गाडीपासून तीस फुटांच्या पुढं जात नव्हता. तेवढं अंतर झालं की पाय आपोआप थांबत. मधूनच तो नसलेली वायर पायानं बाजूला सारी.

"पुढं जावा की!" हिंदुराव ओरडले. "आता कोन धरलंय तुमाला?"

तो पुढं गेला. नाचणाऱ्यांच्या मधे गेला. त्याची गल्ली आली तेव्हा त्यानं तिकडं बघितलं नाही. तिथं त्यानं वरातीचं गाणं वाजवलं नाही, साडेसहाच्या वचनांतली एक चाल वाजवली, जरा जलद करून. नाचणाऱ्यांना काही फरक पडला नाही. तालाला धरून होती.

मांडवात वरात पोचल्यावर तो लगेच निघाला. जेवणवेळ अजून टळली नव्हती. राजाबाई तिच्या दारात बसून शेंगा फोडत होती.

"भाऊ, रेडिओ चालूच ठेवून गेला की तुमी," ती म्हणाली. "दुरुस्त झाला वाटतं?"

"का?"

"आवो, वाजलालता की! बँड तिकडं पेठेत, आन गिटार तुमच्या घरात. कुलूप लावलेल्या घरात कोन वाजवतंय म्हनून मी दाराला कान लावला." ती शेंगेचं टरफल टाकायला थांबली. "मग बसलेच तितं, तुमच्या पायरीवर."

रेवणप्पानं किल्ली काढली होती, ती हातातच राहिली. "आवाज कसा होता?"

"चांगला की. लई मोठा. घर भरल्यागत." तिनं परत शेंग उचलली. "मग बारीक बारीक होत गेला. आन परत तुमची ती खरखर."

"हां," रेवणप्पा म्हणाला. "तिथं आम्ही कोपऱ्यावरून पलीकडं गेलो."

त्यानं कुलूप काढलं. आत रेडिओचा दिवा पिवळा होता. गिटार भिंतीला टेकवून, गणवेश न काढता, तो आपल्या पाटावर बसला. आठ वाजायला अजून थोडा वेळ होता.